टेकडीवरचा आरसा

किंग्सटाऊनहून निघणारी सकाळची बोट तासाभरात बेक्वे बेटाच्या बंदराला लागते. त्या दिवशी माझ्या शेजारच्या दोन बायका कोंबड्यांच्या एका खुराड्यावरून सगळा रस्ता भांडत आल्या आणि धक्का दिसताच एकमेकींच्या लेकीसुनांची चौकशी करायला लागल्या. मी पस्तीस वर्षं मुलींना भूगोल शिकवून नुकतीच निवृत्त झाले होते. नोकरी होती तोवर बेटावर न येण्याची कारणं भरपूर असायची. कॉस्मोचा फोन आला तेव्हा एकही हाताशी सापडलं नाही.

तो धक्क्यावर बदामाच्या झाडाखाली उभा होता. वयानं साठी गाठली तरी टोपी तीच आणि कानावर पेन्सिलही तशीच.

"आलीस का गं ओर्मेलिया, मास्तरीणबाई? मी तर तुझी गैरहजेरी मांडणार होतो."

"बोटीला उशीर झाला. माझी काय चूक?"

"तुझी कधीच नसते," तो हसत म्हणाला आणि माझी पिशवी त्यानं स्वतःच्या खांद्याला लावली.

कॉस्मो सुतार आहे. त्याचा बाप, थिओकाका, आणि माझा मोठा भाऊ एल्रॉय एकाच होडीतून मासे धरायला जायचे. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी, एप्रिलमधल्या एका सकाळी गेले ते परत आले नाहीत. होडीची एक फळीसुद्धा कुठे लागली नाही. कॉस्मो तेव्हा तेरा वर्षांचा होता, मी चौदा. आम्ही एकत्र वाढलो, एकमेकांच्या लग्नांत नाचलो, त्याची आई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा मी त्याच्याकडे आठवडाभर राहिले. पण त्या दिवसाबद्दल आम्ही एकमेकांशी चकार शब्द काढलेला नव्हता.

सिग्नल हाऊस टेकडीवर आहे, बंदराच्या डोक्यावर. जहाजांना खुणा देण्यासाठी इंग्रजांनी बांधलेलं. खालचा भाग विटांचा, जहाजांच्या तळाशी भार म्हणून भरून आणलेल्या विटा त्या. वरचा भाग लाकडी, लाल पत्र्याचा. समोर दोन गंजक्या तोफा बंदराकडे तोंड करून बसलेल्या. त्यांच्यावर घोडा घोडा करत आम्ही पेरू खायचो. वरच्या खोलीला दोन खिडक्या. एक पूर्वेची, वाऱ्याच्या बाजूची. दुसरी नैर्ऋत्येला, जिच्यातून सगळं बंदर, पश्चिमेचा खडक आणि त्यापलीकडचा उघडा समुद्र दिसतो. माझे आजोबा, पापा जोसाया, या घराचे शेवटचे राखणदार. ते गेले, सरकारनं बंदरावर बिनतारी यंत्र बसवलं आणि घराच्या झडपांना खिळे ठोकले.

आता गावातल्या समितीनं तिथं संग्रहालय करायचं ठरवलं होतं. दुरुस्तीचं काम कॉस्मोकडे होतं. त्या घरात राहिलेलं माणूस आता मी एकटीच उरले होते, म्हणून कुठली वस्तू कुठे असायची ते मी सांगायचं होतं.

"खाट या भिंतीला," मी सांगितलं. "दुर्बीण त्या खुंटीला. टेबल पूर्वेच्या खिडकीखाली."

तो प्रत्येक जागेवर पेन्सिलीनं खूण करत गेला. मग दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीपाशी जाऊन थांबला.

"इथे कोनाडा आहे. कुणीतरी वर फळी मारली होती. मी काढली."

कोनाड्यात काळ्या कापडात बांधलेलं एक चौकोनी काहीतरी होतं. कापड विटून तपकिरी झालं होतं. वर गाठ होती. मी डावखुरी आहे. माझी गाठ उलट्या अंगानं बसते. शाळेत बुटांच्या नाड्यांवरूनही मुली मला चिडवायच्या.

"उघडलं नाहीस?" मी विचारलं.

"मी कशाला उघडू? मी थोडाच बांधलंय?"

त्यानं डबा काढला. भाजलेला नीरफणस आणि खारा मासा होता. आम्ही तोफेवर बसून खाल्लं.

"फोनवर तू उजेडाचं काय म्हणत होतास?" मी विचारलं.

"दोनला कळेल."

"आत्ता सांगायला काय झालं?"

"तू विश्वास ठेवणार नाहीस. मापं काढत बसशील."

आकाश त्या दिवशी सकाळपासून भरलेलं होतं. समुद्र राखेच्या रंगाचा. बरोबर दोनला आम्ही नैर्ऋत्येच्या खिडकीत उभे राहिलो. पश्चिमेच्या खडकाच्या बऱ्याच पलीकडे, जिथे पाणी आणि ढग वेगळे ओळखू येत नव्हते, तिथे काहीतरी चमकलं. लहान, स्वच्छ, एकदाच.

मी खरोखरच मापं काढली. होकायंत्र माझ्या पिशवीत कायम असतं. दोनशे बत्तीस अंश. कॉस्मोच्या दुर्बिणीतून त्या दिशेला इंच इंच पाहिलं. होडी नव्हती, शिडाची नौका नव्हती, साधी तरंगती बाटलीही नव्हती. काचेवरून उन्हाची तिरीप आली म्हणावं, तर मुळात ऊनच नव्हतं.

"खिळे काढून झडपा उघडल्या त्या दिवसापासून," कॉस्मो म्हणाला. "रोज. फक्त या खिडकीतून दिसतं. खाली वाळूवरून नाही, होडीतूनही नाही. मी सगळं करून पाहिलं. एकच चमक. म्हणजे काय, ते मला आठवतं. तुला आठवतं का ते बघायचं होतं."

मला आठवत होतं. पापा जोसायांनी मला सात वर्षांची असताना शिकवलं होतं. आमच्या बेटावर देवमाशांच्या शिकारीसाठी टेकडीवरून आरसा दाखवण्याची जुनी रीत आहे. माशांवर जाणाऱ्या साध्या होड्याही टेकडीकडे डोळे लावून असत, कारण वादळ इथे पूर्वेकडून येतं आणि पश्चिमेला असलेल्या होडीला ते टेकडीआडून दिसतच नाही. टेकडीवरच्याला मात्र अर्धा तास आधी दिसतं. मग त्यानं आरसा उन्हात धरून तीनदा दाखवायचा: परत या. होडीतला माणूस पाणी उपसायच्या डब्याचा घासलेला तळ उन्हात धरून उत्तर देणार. दोनदा म्हणजे कळलं, येतोय. एकदा म्हणजे दिसलं नाही, पुन्हा दे.

त्या एप्रिलमध्ये पापा जोसाया पहाटे झोपेतच गेले. एल्रॉय आणि थिओकाका त्याआधीच समुद्रावर निघाले होते. त्यांना काहीच माहीत नव्हतं. शेजारची टँटी आयव्ही, सगळ्यांची मावशी, बायका घेऊन वर आली. प्रेताला अंघोळ घालायचं काम सुरू झालं आणि तिनं माझ्या हातात आईचे काळे रुमाल दिले. घरातले सगळे आरसे झाक, म्हणाली. सुतकाच्या नऊ रात्री सरेपर्यंत एकही उघडा राहता कामा नये. गेलेल्या माणसानं काचेत स्वतःला पाहिलं तर तो तिथेच अडकतो, वर जात नाही. "तुझा पापावर जीव आहे ना? मग नीट झाक."

माझा पापावर जीव होता. मी हात धुण्याच्या भांड्यावरचा आरसा झाकला, आईचा हातआरसा झाकला, आणि खिडकीशेजारच्या कोनाड्यातला सिग्नलचा आरसाही झाकून त्यावर घट्ट गाठ मारली. मला कुणी वेगळं सांगितलं नाही. आमच्याकडे त्या दिवशी कुणालाही वेगळं सुचलं नसतं.

दुपारी दोनच्या सुमाराला मी पूर्वेच्या खिडकीतून पाहिलं. समुद्रावर एक काळी भिंत उभी राहिली होती आणि चालत येत होती. पश्चिमेला लख्ख ऊन होतं. खडकाच्या पलीकडे आमची होडी दिसत होती, शिडाला ठिगळ असलेली. आरसा माझ्या हाताजवळ होता. मी गाठीला हातही लावला होता.

खोलीत पापा पांढऱ्या चादरीखाली होते. मी गाठ सोडली नाही.

नंतर सगळ्यांनी विचारलं, वरून कुणाला काही दिसलं नाही का? मी म्हणाले, दिसलं, पण ढग आले होते. ऊन नव्हतं. उन्हाशिवाय आरसा काय कामाचा?

हे एवढंच. सत्तेचाळीस वर्षं मी याच्यावर फळी मारून बसले होते. नवऱ्यालाही सांगितलं नाही. आणि आता समुद्रावर, ऊन नसताना, कुणीतरी मला पुन्हा दे म्हणत होतं.

दुसऱ्या दिवशी मी वर गेले तेव्हा कॉस्मो झडपेला पॉलिशकागद मारत होता. मी दारातच उभी राहिले, कारण आत जाऊन बसले असते तर बोलले नसते.

"कॉस्मो, त्या दिवशी ऊन होतं."

त्याचा हात थांबला नाही. "माहीत आहे."

"तुला कसं—"

"मी खाली वाळूवर होतो. अनवाणी. पाय भाजत होते. सगळ्या बंदराचे भाजत होते गं."

"म्हणजे सगळ्यांना..."

"चौदा वर्षांची पोर. घरात आजोबाचं प्रेत. तिला कोण काय बोलणार?" त्यानं कागद झटकला. "आईनं मला दम भरला होता. ओर्मेलियासमोर यातला एक शब्द काढलास तर याद राख म्हणाली. ती स्वतःच्या तोंडानं सांगेल तेव्हा सांगेल."

"इतकी वर्षं तू गप्प राहिलास?"

"वाट पाहिली. आईनं तर मरेपर्यंत पाहिली. शेवटी शेवटी विचारायची, जोसायाची नात आली होती का? काही म्हणाली का?"

तिच्या शेवटच्या आठवड्यात मी तिच्या उशाशी बसले होते. तिचे पाय चेपले होते. ती माझ्याकडे बघत राहायची आणि मी तिला पेज हवी का विचारायचे. मला वाटायचं, कधी कळलं तर ही माणसं मला शिव्या देतील, दारात उभी करणार नाहीत. त्यांनी काहीच केलं नाही. माझ्या खोट्याला त्यांनी सत्तेचाळीस वर्षं पांघरूण घातलं आणि मला ते दिसलंही नाही. मी भिंतीला टेकून रडले. कॉस्मो जवळ आला नाही. त्यानं पाठ फिरवली आणि तोही रडला असावा, कारण पॉलिशकागदाचा आवाज बराच वेळ आला नाही.

"चल," तो शेवटी म्हणाला. "दोन वाजतील. आज ऊन आहे."

गाठ सुटेना. त्यानं पटाशी पुढे केली, पण मला कापायची नव्हती. दातांनी सोडवली. आत आरसा आंधळा झालेला होता. खाऱ्या हवेनं मागचा पारा खाऊन टाकला होता, कडेला बोटभर चकाकी उरली होती. त्यात मला माझा एक डोळा दिसला. मी खिडकीबाहेर हात काढून ती बोटभर काच उन्हात धरली.

दूरवर चमक आली. एकदा.

मी तीनदा दिलं.

खाली बंदरात कुणाचा तरी रेडिओ वाजत होता, बोटीचा भोंगा झाला.

चमक आली. एकदा.

"दिसलं नाही म्हणतायत," कॉस्मो पुटपुटला. "पुन्हा दे."

मी पुन्हा दिलं. दहा वेळा, वीस वेळा. खांदा भरून आला तेव्हा त्यानं दिलं. उत्तर तेच. अडीचच्या सुमाराला उत्तर येणं थांबलं. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी वादळ टेकडीवर पोचलं तेही अडीचलाच.

"आरशाचाच दोष," मी म्हणाले. "यानं खालच्या धक्क्यापर्यंतही उजेड जाणार नाही."

तिसऱ्या दिवशी त्यानं दुकानातून नवा, हातभर आरसा आणला. त्याची तिरीप मी पश्चिमेच्या खडकावर पाडून पाहिली. खडकावरचे पक्षी उडाले, इतकी ती पोचत होती. दोनला तीच तिरीप दोनशे बत्तीस अंशांवर तीनदा टाकली. उत्तर आलं, एकदा. आरशाचा दोष नव्हता.

मी परतीची बोट सोडून दिली. समितीला सांगितलं की वस्तू मांडायला वेळ लागेल. रोज दोनला आम्ही खिडकीत असतो. कॉस्मो होकायंत्र धरतो, मी आरसा. ढगाळ दिवशी त्यांची चमक येते आणि आमच्याकडे द्यायला काही नसतं. तेव्हा मी जे खोटं सांगितलं होतं ते खरं होऊन समोर उभं राहतं. मी नुसता हात हलवते. कॉस्मो त्याच्या बापाला हाका मारतो, लहान पोरासारखा, आणि मग खोकल्याचं निमित्त करून बाहेर जातो.

पाचव्या दिवशी दिशा बदलली. चमक खडकाच्या अलीकडून आली.

"येतायत," कॉस्मो म्हणाला. त्याच्या तोंडावर जे दिसलं ते मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. "दिसत नाही म्हणतात आणि येतायत!"

सहाव्या दिवशी ती नांगरलेल्या नौकांच्या मधून आली. ज्या ठिकाणाहून आली तिथे मोकळं पाणी होतं. एक पोरगी त्यावरून पोहत गेली आणि तिला काही जाणवलं नाही. आठव्या दिवशी बदामाच्या झाडाखालून. त्या झाडाखाली दोन म्हातारे सोंगट्या खेळत होते. कॉस्मो धावत खाली गेला. मी वरून पाहत होते. तो सोंगट्यांच्या टेबलाभोवती फिरला, वाळूकडे वाकून पाहिलं, म्हाताऱ्यांनी त्याला काहीतरी चिडवलं. तो वर पाहून मान हलवत होता, कुणी नाही, कुणी नाही. आणि त्याच्या पाठीशी, हातभर अंतरावर, ती चमकली. एकदा.

मी त्याला ते सांगितलं नाही. मग मला वाटलं, पुन्हा सुरू झालं माझं. संध्याकाळी सांगितलं. त्यानं शर्ट काढून पाठीवरून हात फिरवला, जणू तिथे काही लागलं असेल.

"मग बोलले का नाहीत?" त्यानं विचारलं. "इतक्या जवळ येऊन?"



काल ती टेकडीच्या वाटेवरून आली, पहिल्या तोफेजवळून. त्या क्षणी आम्ही तोफेकडेच बघत होतो. गंजलेलं लोखंड, वर एक सरडा. मी आरसा सरळ खाली वळवून दिला. सरडा पळाला. उत्तर तेच आलं.

आज सकाळी कॉस्मोनं खोली झाडली. खाट, टेबल, दुर्बीण सगळं जागच्या जागी लागलं आहे. तो म्हणाला, "मी खाली दारात थांबतो. आले तर दार उघडायला कुणी नको का?" मी हो म्हणाले.

दोनला मी एकटीच खिडकीत उभी राहिले. ऊन लख्ख होतं. समुद्रावर काही नाही. बंदरात नाही. वाटेवर नाही, तोफांजवळ नाही. मी वाट पाहिली. खालून कॉस्मोनं विचारलं, "काही दिसतंय का गं?"

"नाही."

मग माझ्यासमोर, खिडकीच्या चौकटीवर, उजेडाचा एक लहान ठिपका पडला. एकदा.

चौकटीच्या आतल्या अंगाला. बाहेरचा उजेड तिथे पडू शकत नाही.

मी वळले. खोली रिकामी होती. खाट. टेबल. कोरडी जमीन.

खिडकीतलं ऊन आरशात घेऊन मी ते खोलीत दिलं. रिकाम्या भिंतीवर एकदा, दोनदा, तीनदा.

"एल्रॉय," मी म्हणाले. "मी इथेच आहे."

उजेड माझ्या छातीवर पडला. एकदाच.